तासन्‌तास वापरायचा हेडफोन

दुकानात डोक्यावर चढवलेला हेडफोन पहिल्या पाच मिनिटांत जवळपास नेहमीच आरामदायी वाटतो. गादी नवी आणि मऊ असते, कान थंड असतात, लक्ष सगळे आवाजाकडे असते. परीक्षा सुरू होते ती दुसऱ्या तासाला. ध्वनिसंपादन, कॉल सेंटरची पाळी, ऑनलाइन वर्ग, मुलाखतींचे शब्दांकन किंवा लांबलचक श्राव्य पुस्तक अशा निमित्ताने हेडफोन चार-चार, सहा-सहा तास डोक्यावर राहतो आणि मग टाळू ठणकू लागते, कानाची कड हुळहुळते, चष्म्याच्या काडीखाली वळ उमटतो, गादीखाली घाम साचतो. या प्रत्येक दुखण्याचे कारण वेगळे आहे. मऊ गादी हे त्या सगळ्यांवरचे औषध नव्हे. काही वेळा तर तीच दुखण्याचे मूळ असते.

हेडफोन टोचतो ही तक्रार हेडफोनइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातील नथॅनियल बाल्डविन याने १९१०च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन तिथल्या आरमाराकडे पाठवले. बिनतारी संदेश त्यातून स्पष्ट ऐकू येत होते, म्हणून आरमाराने मागणी नोंदवली. सुधारणा सुचवली गेली ती डोक्यावरच्या पट्टीत. बाल्डविनने मग चामडे गुंडाळलेल्या, कमीजास्त करता येणाऱ्या दोन तारांची पट्टी बनवली. पुढे १९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉस याने संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले. त्यानंतरच्या काळातले चांगले हेडफोन बंद कपांचे, जाड गाद्यांचे आणि वजनदार असत. कॉस कंपनीच्या काही हेडफोनच्या गाद्यांत तर द्रव भरलेला असे. या वळणाला छेद दिला जर्मनीच्या सेनहायझरने. १९६८ सालच्या त्यांच्या एचडी ४१४ या हेडफोनची पाठ उघडी होती, गादी म्हणजे पिवळ्या स्पंजची चकती होती आणि तो अगदी हलका होता. १९७९ साली सोनीच्या वॉकमनबरोबर आलेला हेडफोन त्याहूनही हलका. गेल्या पन्नास वर्षांत आरामाच्या बाबतीत जी प्रगती झाली, ती बरीचशी वजन आणि हवा या दोन गोष्टी सांभाळण्यातून झाली आहे.

हेडफोन डोक्यावर टिकतो तो दोन्ही बाजूंनी दाबल्यामुळे. ही पकड न्यूटनमध्ये मोजतात आणि मोठ्या हेडफोनांत ती साधारण अडीच ते सहा न्यूटन असते. चार न्यूटन म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम वजनाइतका जोर. ऐकायला हा आकडा फार वाटतो, पण त्रास जोरावर ठरत नाही, तो जोर किती जागेवर पसरतो यावर ठरतो. पिशवीचा बारीक बंद खांद्यात रुततो आणि तेवढेच ओझे रुंद पट्ट्यावर जाणवतही नाही, तसेच हे. कानाभोवती बसणाऱ्या मोठ्या गादीचा त्वचेला टेकणारा भाग साधारण ४५ चौरस सेंटिमीटर धरला, तर चार न्यूटनचा दाब पाऱ्याच्या सात मिलिमीटरच्या आसपास येतो. त्वचेतल्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब साधारण ३० मिलिमीटरपर्यंत असतो, त्यामुळे तिथला रक्तप्रवाह थांबत नाही. कानावरच टेकणाऱ्या छोट्या हेडफोनात मात्र सगळा भार कानाच्या उंचवट्यांवर येतो. ही जागा जेमतेम सहा चौरस सेंटिमीटर असेल. तोच चार न्यूटनचा जोर तिथे ५० मिलिमीटरचा दाब होतो. हिशेब ढोबळ आहे, पण छोटा, हलका, दिसायला निरुपद्रवी हेडफोन तासाभरात कान का दुखवतो, हे त्यातून कळते.

कानाची रचनाही इथे आड येते. कानाचा बाहेरचा पंखा कूर्चेचा असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. पंख्याच्या पुढच्या बाजूला कूर्चा आणि त्वचा यांच्यामध्ये चरबीचा थर जवळजवळ नसतोच. पायाच्या तळव्याला किंवा मांडीला जी नैसर्गिक गादी मिळालेली आहे, ती कानाला नाही. म्हणून लांब वेळ ऐकायचे असेल तर कानावर टेकणारा हेडफोन बहुतेकांनी यादीतून आधीच वगळावा. ज्यांच्या कानात कुड्या, बुगडी किंवा भिकबाळी आहे त्यांच्यासाठी तर हा प्रश्नच उरत नाही. दागिन्याची फिरकी मानेत किंवा कानामागे रुतते आणि अर्ध्या तासात हेडफोन खाली येतो.

यातही चष्मा लावणाऱ्यांची अवस्था सगळ्यांत बिकट. चष्म्याची काडी कानावरून जाते आणि कानाभोवतीची गादी नेमकी तिच्यावर बसते. काडी तीन-चार मिलिमीटर रुंद. गादीखाली तिचा चारेक सेंटिमीटर भाग येतो. पकडीच्या एक चतुर्थांश जोर जरी तिच्यावर आला, तरी काडीखालच्या त्वचेवरचा दाब ६० मिलिमीटरच्या घरात जातो, म्हणजे गादीखालच्या इतर त्वचेच्या आठ-नऊपट. शिवाय काडीच्या वर आणि खाली बारीक फट राहते, तिथून खर्जाचा आवाज निसटतो आणि ऐकणारा नकळत आवाज वाढवतो. उपाय दोन आहेत. एक म्हणजे पातळ, चपटी काडी असलेला चष्मा. धातूची पातळ काडी प्लॅस्टिकच्या जाड काडीपेक्षा केव्हाही बरी. दुसरा म्हणजे जाड आणि खरोखर मऊ फोमची गादी, जी काडीला आपल्यात सामावून घेते. इथे मेमरी फोम उपयोगी पडतो. १९६०च्या दशकात नासासाठी चाललेल्या कामातून तयार झालेला हा फोम शरीराच्या उष्णतेने सैल होतो आणि दाब सावकाश वाटून घेतो. मात्र थंड खोलीत तो पहिली काही मिनिटे कडक लागतो, त्यामुळे त्याची पारख घाईने करता येत नाही.

डोक्यावर सतत बाहेरून दाब राहिल्याने होणारी डोकेदुखी वैद्यकशास्त्राने स्वतंत्र नोंदवलेली आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाह्य दाबाने होणारी डोकेदुखी असा तिचा प्रकारच आहे. हेल्मेट किंवा पोहण्याचा घट्ट गॉगल लावणाऱ्यांतही ती दिसते. दाब सुरू झाल्यापासून तासाभरात ती सुरू होते, दाबाच्या जागीच सर्वाधिक असते आणि दाब काढल्यावर तासाभरात जाते. म्हणून हेडफोन काढून दोन तास झाले तरी डोके दुखत असेल, तर दोष हेडफोनच्या माथी मारण्याआधी झोप, डोळे, मान आणि आवाजाची पातळी यांकडे पाहावे.

कानाभोवती बसणारा म्हणून विकला जाणारा प्रत्येक हेडफोन कानाभोवती बसतोच असे नाही. प्रौढ माणसाचा कान साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर उंच असतो, पुरुषांचा थोडा मोठा. वयाबरोबर तो वाढतोही. ब्रिटनमधील डॉक्टर जेम्स हीथकोट यांनी २००हून अधिक रुग्णांचे कान मोजून १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार ही वाढ वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर, म्हणजे पन्नास वर्षांत एक सेंटिमीटरहून थोडी अधिक होती. आजोबांचे कान मोठे दिसतात त्याला आधार आहे, आणि तरुण नातवाला बसलेला हेडफोन आजोबांना का बसत नाही त्यालाही. गादीच्या आतल्या पोकळीची उंची आपल्या कानाच्या उंचीपेक्षा कमी असेल, तर कानाचा वरचा काठ किंवा पाळी गादीखाली दुमडते. दुमडलेला कान पहिला अर्धा तास काही बोलत नाही, नंतर मात्र आग होते. साधी पट्टी घेऊन कान आणि पोकळी मोजली तर हा घोळ खरेदीपूर्वीच टळतो.

खोलीकडे सहसा कोणी पाहत नाही. कान डोक्यापासून सुमारे दोन सेंटिमीटर बाहेर असतो, काहींचा जास्त. गादी उथळ असली की कानाचे टोक आतल्या स्पीकरवरच्या कापडाला टेकते. स्पर्श अगदी हलका असतो, पण एकाच बिंदूवर आणि अखंड. ब्लूटूथच्या घडी होणाऱ्या हेडफोनांत कप बारीक दिसावेत म्हणून खोली कमी ठेवलेली असते; टेबलावर वापरायच्या मोठ्या हेडफोनांत ती अडचण कमी. कानाचा मागचा भाग डोक्यापासून अधिक दूर असल्यामुळे काही गाद्या मागे जाड आणि पुढे पातळ अशा तिरप्या बनवतात. ज्यांचे कान बाहेर आलेले आहेत त्यांना या तिरप्या गाद्या चांगल्या मानवतात.

आता वजन. बोसचे क्वाएटकम्फर्ट मालिकेतील हेडफोन आणि सोनीचा डब्ल्यूएच १०००एक्सएम५ हे २५० ग्रॅमच्या आसपास आहेत. सेनहायझरचा एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅम, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो सुमारे २७० ग्रॅम. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या जवळ जातो आणि ऑडझी कंपनीचे एलसीडी मालिकेतील काही हेडफोन ६०० ग्रॅमच्या वर. २५० ते ३०० ग्रॅम ही सहा तासांच्या बैठकीसाठी बहुतेक मानांना झेपणारी मर्यादा समजायला हरकत नाही, पण नुसत्या आकड्याने फसू नये. हे वजन टाळूवर कसे उतरते हे अधिक महत्त्वाचे. वरची पट्टी डोक्याच्या गोलाईशी जुळली नाही तर मधल्या दोन-तीन सेंटिमीटरवरच सगळा भार येतो. एकेजी कंपनीच्या के७०१ या हेडफोनच्या चामडी पट्टीला आतून उंचवटे होते. आवाजासाठी नावाजलेला हा हेडफोन त्या उंचवट्यांमुळे अनेकांच्या टाळूला नकोसा झाला. याउलट धातूच्या कमानीखाली वेगळा सैल पट्टा लोंबता ठेवण्याची पद्धत आहे. तो पट्टा डोक्याचा आकार घेतो आणि भार पसरवतो, त्यामुळे ३५० ग्रॅमचा असा हेडफोन २५० ग्रॅमच्या कडक पट्टीपेक्षा हलका वाटू शकतो. केस विरळ असलेल्यांना पट्टीचा दोष लवकर जाणवतो. अंबाडा किंवा उंच बांधलेले केस असले की पट्टी पुढे किंवा मागे सरकते आणि कप तिरके बसतात.

मान खाली घालून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना वजन दुप्पट भासते. त्यात हेडफोनचा दोष थोडा आणि टेबलाचा जास्त.

उष्णतेचा प्रश्न महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीत, पकडीपेक्षाही मोठा आहे. युरोप-अमेरिकेतल्या परीक्षणांत त्याला एखादे वाक्य मिळते. इथे मेच्या दुपारी तोच निर्णायक ठरतो. बंद कपाचा हेडफोन कानाभोवती हवाबंद खोली तयार करतो. घाम येतो पण सुकत नाही, कारण आतली हवा लवकरच बाष्पाने भरून जाते. कृत्रिम चामड्याची गादी ही खोली उत्तम बंद करते, म्हणून बाहेरचा गोंगाट चांगला अडतो आणि खर्ज भरीव लागतो. त्याच कारणाने ती सर्वाधिक गरम. मखमलीची किंवा जाळीदार कापडाची गादी श्वास घेऊ देते, पण तिच्यातून आवाज थोडा निसटतो. ती घाम आणि तेल पिते आणि अधूनमधून काढून धुवावी लागते; धुतली नाही तर फोम कडक होत जातो.

कृत्रिम चामड्याचे आणखी एक दुखणे दमट हवेत लवकर दिसते. हे चामडे म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. ‘प्रोटीन लेदर’ हे नाव भारदस्त असले तरी जात तीच. ओलावा आणि उष्णता यांनी या थरातले रासायनिक बंध तुटत जातात. आधी गादीला बारीक सुरकुत्या पडतात, मग थर चिकट होतो आणि एके दिवशी हेडफोन काढल्यावर कानशिलावर, गालावर, शर्टाच्या कॉलरवर काळ्या खपल्या दिसतात. कपाटात नीट जपून ठेवलेल्या हेडफोनचेही असे होते, कारण वापर थांबला तरी हवेतला ओलावा थांबत नाही. सदोष माल म्हणून दुकानदाराशी भांडण्यापेक्षा बदली गादी मिळते का हे आधी पाहून ठेवलेले बरे.

पाठ उघडी असलेला हेडफोन या सगळ्यावरचा सर्वांत चांगला तोडगा आहे, अट एकच: खोली शांत हवी आणि शेजारी कोणी नको. कपाच्या मागे जाळी असल्याने हवा खेळती राहते, कान कोंडत नाहीत, स्वतःचा आवाज डोक्यात घुमत नाही आणि संगीत कपाळात अडकल्यासारखे न वाटता थोडे बाहेर पसरल्यासारखे वाटते. घरी एकट्याने तासन्‌तास ऐकणाऱ्याने दुसरा विचार करू नये. पण आत जे वाजते ते शेजाऱ्यालाही ऐकू जाते आणि बाहेरचा पंखा, कुकर, रिक्षा आत येतात. कार्यालयात आणि लोकलमध्ये त्याचा उपयोग नाही.

तिथे नॉइज कॅन्सलेशनचा बंद हेडफोन लागतो. एमआयटीत शिकवणाऱ्या अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीने संगीत ऐकता येईना; त्या प्रवासात त्यांनी या तंत्राची आकडेमोड सुरू केली आणि सामान्य ग्राहकांसाठीचा क्वाएटकम्फर्ट २००० साली आला. बाहेरच्या ध्वनिलहरी मायक्रोफोनने टिपून त्यांच्या नेमक्या उलट लहरी कानात सोडणे हे त्याचे तत्त्व. एसी, इंजिन, पंखा असा खालच्या पट्टीतला अखंड आवाज ते चांगला दाबते, माणसांचे बोलणे तितके नाही. काही जणांना ते सुरू करताच विमान वर चढताना होते तसे कान दडपल्यासारखे वाटते. कानातला हवेचा दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो; खालचे स्वर अचानक नाहीसे झाल्याचा मेंदूने लावलेला अर्थ असावा, असे समजले जाते. कारण काहीही असो, ज्यांना हा त्रास होतो त्यांनी तीव्रता कमी करता येणारा हेडफोन घ्यावा किंवा जाड गादीच्या साध्या बंद हेडफोनवर भागवावे.

कानात बसणारे इअरफोन आणि इअरबड वजनाचा आणि टाळूचा प्रश्न निकालात काढतात, पण दाब कानाच्या नळीत नेतात. ही नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि वळणदार असते. बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, आतला हाडाचा आणि अतिशय पातळ त्वचेचा. रबरी टोपी फक्त बाहेरच्या भागात बसली पाहिजे. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या नसतात, तेव्हा डाव्या कानाला मधली आणि उजव्याला लहान टोपी वापरण्यात काही चूक नाही. डब्यात तीन मापे त्यासाठीच दिलेली असतात. नळी बंद झाली की चावणे, गिळणे, पावलांची धपधप डोक्यात मोठ्याने ऐकू येते. रोज बरेच तास वापरल्याने मळ आत ढकलला जातो, ओलावा कोंडतो आणि कान खाजू लागतो. काहींना तर टोपी आत जाताच ठसका लागतो, कारण नळीतल्या एका मज्जातंतूचा संबंध घशाकडे जाणाऱ्या तंतूशी असतो. नळी मोकळी ठेवून बाहेरच अडकवायचे किंवा हाडातून कंपने पोहोचवणारे प्रकार बैठ्या बोलण्यासाठी आणि श्राव्य पुस्तकांसाठी उत्तम आहेत. गजबजाटात आणि संगीतासाठी ते कमी पडतात.

फार आरामदायी हेडफोनची एक अडचणही आहे: तो काढावासा वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित धरले जाते. ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. दर तीन डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, म्हणून आवाजाची एखाद-दुसरी पायरी वाटते तितकी किरकोळ नसते. बऱ्याच फोनांत आठवड्याचा हिशेब दाखवणारी सोय आता असते. कान थकल्याची पहिली खूण सहसा दुखणे नसतेच. बोललेले स्पष्ट कळेनासे होते आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो.

परत करण्याची मुदत मिळत असेल तर हेडफोन घरी आणून रोजच्याच खुर्चीत, रोजचाच चष्मा लावून, दोन तास न काढता वापरावा. कुठे दुखते यावरून दोष ओळखता येतो. टाळू दुखली तर पट्टी किंवा वजन. कानाच्या पुढे, जबड्याच्या सांध्यापाशी ठणकले तर पकड जास्त किंवा कप फार खाली आले आहेत. पट्टी एक खाच कमी करून पाहावी. फक्त कानाची वरची कड लाल झाली तर पोकळी लहान आहे आणि त्यावर उपाय नाही, परत करावा. पकड मात्र कमी करता येते. पोलादी कमानीचे हेडफोन नवे असताना घट्ट असतात. डोक्यापेक्षा थोड्या रुंद पुस्तकांच्या थप्पीवर रात्रभर ताणून ठेवले की सैलावतात. प्लॅस्टिकच्या, घडी होणाऱ्या बिजागरीच्या हेडफोनवर हा प्रयोग केला तर बिजागरी तुटेल.

रोजच्या वापरात गादी वर्ष-दोन वर्षांत चपटी होते. मग कान स्पीकरला टेकू लागतो आणि पूर्वी छान वाटणारा हेडफोन अचानक टोचायला लागल्याची तक्रार सुरू होते. गाद्या सहज निघणाऱ्या असतील तर नवी जोडी लावली की काम होते. चिकटवलेल्या असतील तर सगळा हेडफोनच टाकायची वेळ येते. बाजारात मिळणाऱ्या इतर कंपन्यांच्या गाद्या स्वस्त पडतात, पण जाडी किंवा कापड बदलले की स्पीकर आणि कान यांच्यातले अंतर बदलते आणि खर्ज कमी किंवा जास्त होतो. ऐकण्यावर ज्याचे काम अवलंबून आहे त्याने मूळ कंपनीचीच जोडी घ्यावी. गाणी ऐकणाऱ्याने जी मानवेल ती.